आधी वरची आडवी रेघ

प्रश्न : सात महिन्यांपासून चिनी शिकते आहे. वय ४१. चिंचवडला एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे आणि आमचे बरेचसे पुरवठादार चीनमधले आहेत. सुमारे २५० अक्षरं ओळखते, लिहिताही येतात असं वाटत होतं. पण आमच्या शिक्षिका वहीपेक्षा माझ्या हाताकडेच जास्त बघतात आणि ‘रेघांचा क्रम चुकला’ म्हणून पुन्हा लिहायला लावतात. अक्षर दिसायला बरोबर असलं, तर कुठली रेघ आधी काढली याने काय बिघडतं? दहा-दहा वेळा लिहूनही चार दिवसांत विसरायला होतं. त्यात दोन ॲपांवर एकाच अक्षराचा क्रम वेगवेगळा दाखवतात. आणि शेवटी सगळं टाइपच करायचं, तर एवढा आटापिटा कशासाठी? मुलगी डावखुरी आहे, तिलाही शिकायचंय. तिने क्रम उलटा ठेवायचा का? सोबत वहीच्या एका पानाचा फोटो पाठवते आहे.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : फोटो पाठवलात हे फार बरं झालं, अर्धं उत्तर त्या पानावरच आहे. दुसऱ्या ओळीत तुम्ही ‘आकाश’ या अर्थाचं अक्षर (थिएन) सहा वेळा लिहिलंय. सहाही ठिकाणी वरची आडवी रेघ दोन्ही बाजूंना जरा लांबलेली आहे आणि चार ठिकाणी खालून आलेल्या तिरप्या रेघेचं टोक तिच्यावर डोकावतंय. म्हणजे आधी खालचं अंग काढून झालं आणि वरची रेघ शेवटी ओढली. ही आपल्या देवनागरीची सवय. पहिलीपासून हात तसाच वळलेला असतो : गाठी, गोलाई, दांडा, काना, सगळं झालं की वरून शिरोरेघ. अनेक जण तर अख्खा शब्द लिहून मग एकच रेघ मारतात.

चिनीत नेमकं उलट आहे. वरची आडवी रेघ आधी, बाकीचं अंग तिच्याखाली. ‘आकाश’मध्ये क्रम असा : वरची आडवी, तिच्याखालची आडवी, मग वरच्या रेघेला टेकून निघणारी डावी तिरपी, शेवटी उजवी तिरपी. वरची रेघ आधी असली की तिरप्या रेघेला कुठून निघायचं ते आपोआप कळतं. ती शेवटी काढली की टोक वर राहून जातं, आणि ते टोक वर आलं की अक्षरच बदलतं : ‘आकाश’चं ‘नवरा’ (फू) होतं. तुमच्या सहापैकी चार अक्षरं चिनी माणूस ‘नवरा’ अशीच वाचेल. तेव्हा ‘दिसायला बरोबर’ हे गृहीत धरू नका. (मोडी लिहिणारे आधी पानभर आडवी रेघ आखून घेत आणि अक्षरं तिच्याखाली लिहीत. तो हात चिनीला लवकर सरावला असता.)

क्रमामुळे बिघडतं ते असं. चिनी अक्षरात दोन रेघा असोत की वीस, ते एकाच मापाच्या चौकोनात बसवायचं असतं. काढलेली प्रत्येक रेघ पुढच्या रेघेची जागा आणि लांबी ठरवते. क्रम ठरलेला असला की हा हिशेब दरवेळी नव्याने करावा लागत नाही. दुसरं म्हणजे भरभर लिहिताना रेघा एकमेकींना जोडल्या जातात. चिनी सहकारी पाटीवर किंवा चिठ्ठीवर लिहितो ते सुटं छापील अक्षर नसतं, तिथे पेन नीट न उचलता एका रेघेतून पुढच्या रेघेत गेलेलं असतं. ज्याच्या हाताला क्रम माहीत आहे त्याला ते जोड वाचता येतात, इतरांना ती नुसती गिचमीड दिसते. आणि तिसरं, विसरण्याचं. ‘चार दिवसांत विसरते’ असं लिहिलंय, त्याचं मोठं कारण हेच आहे. दरवेळी वेगळ्या क्रमाने काढलेलं अक्षर हे डोळ्यांच्या भरवशावर काढलेलं चित्र असतं. तेच अक्षर तीस वेळा एकाच क्रमाने लिहिलं की पहिली रेघ कागदावर टेकताच हात पुढचं आठवून देतो.

आता रेघा. मूळ हालचाली आठ धरतात : आडवी (हंग), उभी (शू), डावी तिरपी (फिए), उजवी तिरपी (ना), टिंब (तिएन), उसळी (थी), मोड (च) आणि आकडा (कौ). सुलेखनात ‘युङ’ (चिरंतन) हे एकच अक्षर शतकानुशतकं घोटून घेतात, कारण आठ प्रकारचे फटकारे त्यात सापडतात. आज आपण लिहितो त्या रूपात मात्र ते ५ रेघांत होतं, कारण मोड आणि आकडे त्यांच्या रेघेतच मोजले जातात. पेन उचललं की रेघ संपली, नाही उचललं तर तीच चालू, एवढंच मोजमाप.

क्रमाइतकीच दिशा महत्त्वाची, आणि ती झालेल्या अक्षरावरून कुणालाच दिसत नाही. आडवी डावीकडून उजवीकडे, उभी वरून खाली, यात कुणी चुकत नाही. चुकतात ते दोन ठिकाणी. पहिलं, डावी तिरपी उजवीकडून डावीकडे उतरते. ‘हजार’च्या अक्षरात (३ रेघा) डोक्यावरची आखूड रेघ जवळजवळ आडवी दिसते, म्हणून आपला हात ती डावीकडून उजवीकडे ओढतो. ती उजव्या टोकाला टेकवून डावीकडे खाली झटकायची असते. उलटी आणि सपाट ओढलीत तर ‘हजार’ जाऊन ‘कोरडा’ होतो. दुसरं, उसळी. खालून वर जाणारी हीच एक रेघ. ‘नदी’, ‘समुद्र’ यांच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब असतात. वरचे दोन टिंबासारखे खाली, तिसरा खालून उजवीकडे वर. कारण थेंब संपले की हाताला उजव्या भागाच्या सुरुवातीकडे जायचं असतं, ते अक्षराच्या वरच्या अंगाला असतं.

हाच विचार पुढे नेला की आणखी एक कोडं सुटतं. ‘जमीन’ हे अक्षर एकटं असताना आडवी, उभी, आडवी असं लिहितात. तेच दुसऱ्या अक्षराच्या डावीकडे बसलं की खालची आडवी तिरकी होऊन उसळी बनते. ‘गाडी’चं तर क्रमच बदलतं : एकटी असताना उभी रेघ शेवटी, डावीकडे बसली की उभी आधी आणि उसळी शेवटी. ‘बैल’चंही तसंच. हात पुढच्या भागाकडे निघालेला असतो, म्हणून.

क्रमाचे नियम कुठल्याही पुस्तकात मिळतील, पटकन सांगतो : वरून खाली, डावीकडून उजवीकडे, छेदणाऱ्या रेघांत आडवी आधी उभी नंतर, डावी तिरपी आधी उजवी नंतर, बाहेरची चौकट आधी आणि आतलं नंतर, दोन बाजू सारख्या असतील तर मधलं आधी. हे सहा नियम बहुतेक अक्षरांना पुरतात. उरलेली अडचण अशा ठिकाणी येते जिथे दोन नियम भांडतात, तिथे पाठांतराला पर्याय नाही. ‘पाणी’ मधून सुरू होतं : आकड्याची उभी रेघ, मग डावी बाजू, मग उजवीच्या दोन रेघा. ‘आग’ दिसायला तसंच, पण तिथे दोन्ही बाजूंची टिंबं आधी आणि मधला ‘माणूस’ नंतर. ‘बळ’मध्ये मोडून आकडा घेणारी रेघ आधी, तिरपी नंतर, ‘नऊ’मध्ये तिरपी आधी. ‘दार’ची सुरुवात डाव्या टिंबाने होते, चौकटीने नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यातलं टिंब शेवटी येतं : ‘पुस्तक’, ‘मी’. आरपार जाणारी रेघही शेवटी : ‘मध्य’मध्ये आधी पूर्ण चौकोन, मग त्याला भेदणारी उभी.

आणि एक जागा अशी आहे जिथे शिरोरेघेची सवय चक्क कामी येते. ‘चांगलं’ (हाव) हे अक्षर ‘स्त्री’ आणि ‘मूल’ मिळून होतं, एकूण ६ रेघा. दोन्ही भागांत आडवी रेघ शेवटी येते. डावीकडच्या ‘स्त्री’त ती जरा तिरकी वर जाते, इतकंच.

चौकटीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण फोटोत सर्वांत जास्त चुका तिथे आहेत. ‘तोंड’ (खौ) तुम्ही एका दमात गोल फिरवून काढता, आपल्या ‘ठ’च्या पोटासारखं. त्याच्या रेघा तीन : डावी उभी, पेन उचलून डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजवीकडे जाऊन काटकोनात खाली मोड, पुन्हा उचलून तळाची आडवी. कोपऱ्याशी पेन क्षणभर थांबवा, मगच खाली वळा. देवनागरीत वळण गोल असणं हे सौंदर्य आहे, इथे कोपरा टोकदार हवा.

आता ‘देश’ (क्वो) घ्या. ८ रेघा. १ : डावी उभी. २ : वरची आडवी, मोडून उजवी बाजू, खाली आकडा नाही. इथे थांबायचं, तळ उघडा ठेवायचा. ३ ते ७ : आतलं ‘जेड’ रत्न – आडवी, आडवी, उभी, तळाची आडवी, उजवीकडे टिंब. ८ : तळाची रेघ ओढून दार बंद. चिनी मुलांना असंच शिकवतात : आधी घरात जा, मग दार लावा. तुम्ही चौकट आधी पूर्ण केलीय, त्यामुळे आतलं रत्न चेंगरलंय आणि टिंब उजव्या भिंतीला चिकटलंय. तळ शेवटी ठेवला की आतल्या मजकुराच्या मापाने तो रेघभर खाली सरकवता येतो.

प्रत्येक चौकट मात्र अशी बंद होत नाही. ‘डॉक्टर’च्या अक्षराला (७ रेघा) उजवीकडे भिंतच नाही. तिथे वरची आडवी, मग आतला ‘बाण’, आणि डावी बाजू व तळ मिळून एकच मोडलेली रेघ शेवटी. ‘हा’ (च) या अक्षरात खालून वेढणारा ‘चालण्याचा’ भाग सगळ्यात शेवटी येतो. पण ‘उठणे’मध्ये खालून वेढणारा भाग हे मुळातच ‘चालणे’ अर्थाचं सबंध अक्षर आहे, तो आधी लिहितात.

‘मी’ (वो) तुम्ही ८ रेघांत लिहिताय, ते ७ रेघांचं आहे. डावीकडे ‘हात’ आणि उजवीकडे ‘भाला’ अशी फोड कुठेतरी वाचून तुम्ही दोन भाग वेगळे काढलेत आणि आडवी रेघ दोनदा आली. ती एकच, दोन्ही भागांतून आरपार जाणारी. क्रम : डोक्यावर उजवीकडून डावीकडे आखूड तिरपी, लांब आडवी, तिला छेदून खाली जाणारी उभी, आकडा डावीकडे, खालून वर उसळी, मग आडवीच्या वरून सुरू होऊन उजवीकडे खाली घसरत जाणारी लांब रेघ, टोकाला वर आकडा, तिला छेदणारी डावी तिरपी, शेवटी वरचं टिंब. पाचवी रेघ लाजत लाजत आखूड काढू नका, सगळं अक्षर तिच्यावर तोललेलं असतं.

दोन ॲपांत क्रम वेगळा दिसतो त्याचं कारण सरळ आहे : देशागणिक प्रमाण क्रम वेगळा आहे. चीनमध्ये १९९७ साली ७००० अक्षरांचा क्रम प्रमाण म्हणून छापला गेला. सध्याचं प्रमाण २०२० चं, १ मार्च २०२१ पासून लागू झालेलं, ८१०५ अक्षरांचं. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाने १९९६ साली ४८०८ अक्षरांची पुस्तिका काढली. जपानमध्ये १९५८ साली शाळांसाठी ८८१ अक्षरांची मार्गदर्शिका निघाली आणि तिनेच म्हटलं होतं की इथे न दिलेले क्रम चुकीचे ठरत नाहीत. तुम्हाला अडलेलं अक्षर ‘शेत’ असावं, कारण तिथे फरक ठळक आहे. चीनमध्ये चौकटीच्या आत आडवी आधी मग उभी, जपानमध्ये उभी आधी. ‘राजा’तही तसंच : चीनमध्ये दोन आडव्या झाल्यावर उभी, जपानमध्ये एका आडवीनंतर लगेच उभी. ‘उजवा’ जपानमध्ये तिरप्या रेघेने सुरू होतो, चीनमध्ये आडवीने. तुमचा व्यवहार चीनशी आहे, तेव्हा चीनचं प्रमाण धरा आणि जपानी शिकणाऱ्यांसाठी केलेलं ॲप काढून टाका. दोन्ही क्रम चालतात म्हणून दोन्ही आलटून पालटून लिहिणं, यानेच हात बिथरतो.

सरावाची पद्धत बदला, कारण दहा वेळा लिहिण्यात तुमचा वेळ वाया जातोय. फोटोतली चौथी ओळ पाहा : दहाही चौकोनांत आधी डावा भाग भरून घेतलाय आणि मग उजवा. शाईच्या गडदपणावरून कळतं. अशा ओळीत अक्षर एकदाही अखंड लिहिलं जात नाही. आणि सलग लिहिलं तरी चौथ्या वेळेपासून हात शेजारच्या चौकोनाची नक्कल करतो, आठवणीला काही काम उरत नाही.

त्याऐवजी असं करा. मुलांची गणिताची चौकटीची वही घ्या. चार चौकोन मिळून एक घर धरा, मध्ये आडवी-उभी रेघ आपोआप मिळते. चीनमधल्या शाळकरी वहीत नेमकी अशीच ‘शेता’च्या अक्षरासारखी घरं असतात. पेन्सिल किंवा घसरणार नाही असं जेल पेन. रोज पाचच नवी अक्षरं. प्रत्येकासाठी आधी बोटाने हवेत काढा आणि रेघेचं नाव मोठ्याने म्हणा : आडवी, उभी, तिरपी, टिंब. मग दोनदा गिरवा. मग नमुना झाका आणि आठवणीने लिहा, रेघा मोजा, नमुना उघडून ताडा. चुकलं तर खोडून दुरुस्त करू नका, पुन्हा पहिल्या रेघेपासून लिहा. तीनदा सलग बरोबर आलं की त्या दिवसापुरतं थांबा. तेच अक्षर उद्या, चौथ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी नमुना न बघता एकेकदाच. पाच नवी अक्षरं आणि जुन्यांची उजळणी मिळून वीस मिनिटांत होतं.

आधीच चुकीची बसलेली २५० अक्षरं सगळी पुन्हा शिकायची नाहीत. चुका अक्षरांत नसतात, भागांत असतात, आणि भाग तेच तेच येतात. आज रात्री न बघता ही अक्षरं लिहा आणि प्रत्येक रेघेशेजारी तिचा क्रमांक टाका : तोंड (३), पाणी (४), आग (४), हजार (३), मध्य (४), दार (३), घोडा (३), बळ (२), नऊ (२), चांगलं (६), मी (७), हा (७), डॉक्टर (७), देश (८). कंसात रेघांची संख्या आहे, ती जुळली नाही तर तिथे पेन जास्त किंवा कमी वेळा उचललंय. कुठले पाच-सहा भाग चुकतात ते या चौदा अक्षरांत उघड होईल. दोन आठवडे फक्त तेवढे भाग घोटा. मोबाइलच्या हस्ताक्षर-कीबोर्डवर अक्षर ओळखलं गेलं म्हणजे क्रम बरोबर, असं मात्र मानू नका. ते बऱ्याच चुका पोटात घालतात. दुसऱ्या कुणाला तुमच्या हाताचा व्हिडिओ काढायला सांगा आणि तो शिक्षिकांना दाखवा.

टाइप करण्याबद्दल तुमचा मुद्दा रास्त आहे आणि चीनच्या शिक्षणखात्यालाही तो मान्य आहे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी २०२१ साली जाहीर झालेल्या प्रमाणात ओळखायची अक्षरं ३००० आहेत, हाताने लिहायची १२००. पहिल्या तीन पातळ्यांना तर ९०० ओळखायची आणि फक्त ३०० लिहायची. एचएसके (परदेशी विद्यार्थ्यांसाठीची चिनीची प्रमाण परीक्षा) संगणकावर दिलीत तर तिथेही टाइप करता येतं. तेव्हा तुमच्यासाठी आमचं मत असं : ३०० अक्षरं हाताने, चोख क्रमाने. त्यांत बहुतेक सगळे भाग येऊन जातात. त्यापुढची ओळखा आणि टाइप करा. पण हे ३०० मध्येच सोडू नका. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांतून टाइप करताना योग्य ते निवडायला जी नजर लागते, ती हाताने लिहिल्यानेच तयार होते. ‘आकाश’ आणि ‘नवरा’ यांतला फरक एका टोकाचा आहे.

मुलीसाठी : क्रम उलटा ठेवायचा नाही, दिशाही नाही. आडवी रेघ तिला ओढण्याऐवजी ढकलावी लागेल, म्हणून पेनावर दाब कमी आणि पेन टोकापासून जरा वर धरायला सांगा. वही तिच्या शरीराच्या मध्यापेक्षा किंचित डावीकडे ठेवा, म्हणजे मनगट ओळीच्या खाली राहील आणि लिहिलेलं झाकलं जाणार नाही. वही थोडी तिरपी केली तर चालेल, पण घरातली उभी मधली रेघ तिला उभीच दिसली पाहिजे, नाहीतर सगळी अक्षरं एका बाजूला कलतील. उसळी आणि आकडे तिला सुरुवातीला जड जातील. ती अक्षरं महिनाभर पेन्सिलीनेच लिहू द्या.